प्लेन्सवॉकरचे पान हाती आल्यावर: मॅजिक शिकणाऱ्या नवख्यांसाठी

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांसारख्या पानांचा खेळ शिकायला लागून महिना-दोन महिने झाले की नवख्या खेळाडूच्या हाती कधी ना कधी एखाद्या प्लेन्सवॉकरचे पान येते, आणि आमच्या गटातला माझा अनुभव असा की, त्या दिवसापासून काही काळ तो आधीपेक्षा जास्त डाव हरतो. पान कमजोर असते म्हणून नव्हे. ते इतके जबरदस्त दिसते की खेळाडू बाकीचा डाव विसरून त्या एका पानाची सेवा करू लागतो, म्हणून. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी पाच-सहा जण जमतात आणि त्यांतले निम्मे नवे असतात. त्यांना दर वेळी तोंडी सांगावे लागणारे सारे येथे क्रमाने लिहून ठेवतो. लँड (मॅना देणारी पाने), मॅना (पाने खेळण्यासाठी लागणारी शक्ती), क्रीचर (लढणारी पाने) आणि हल्ला-बचाव एवढे वाचकाला येते असे मी धरून चाललो आहे.

पाऊल पहिले: हे पान कोण आहे ते आधी समजून घ्या

रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. त्यात खेळाडू स्वतःच एक प्लेन्सवॉकर, म्हणजे एका जगातून दुसऱ्या जगात जाऊ शकणारा जादूगार असतो, अशी कल्पना सुरुवातीपासून होती. परंतु प्लेन्सवॉकर हा पानांचा स्वतंत्र प्रकार ऑक्टोबर २००७ मध्ये ‘लोर्विन’ या संचात प्रथम आला. त्या संचात पाच रंगांचे पाच जण होते: पांढऱ्याचा अजानी, निळ्याचा जेस, काळ्याची लिलियाना, लालची चंद्रा आणि हिरव्याचा गॅरुक. पुढे यांची अनेक रूपे निघाली, त्यामुळे ‘माझ्याकडे चंद्रा आहे’ एवढे सांगून भागत नाही. कोणती चंद्रा, हे पूर्ण नावासकट सांगावे लागते.

चंद्रा नलार हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते. तिच्या आईचे नाव पिया, वडिलांचे किरण, आणि २०१६ मध्ये आलेले तिचे जन्मस्थान ‘कालादेश’ हे भारतावरून प्रेरणा घेऊन रचलेले जग आहे. २०२५ मधल्या ‘एथरड्रिफ्ट’ या संचात त्या जगाचे नाव बदलून ‘आविष्कार’ केले गेले. मराठीत आपण आविष्कार कलेचा म्हणतो. तेथे तो हिंदीतल्या अर्थाने, शोध लावणाऱ्यांचा आहे.

नियमांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की प्लेन्सवॉकर म्हणजे क्रीचर नव्हे. तो हल्ला करत नाही आणि हल्ला अडवतही नाही. ‘क्रीचर नष्ट करा’ असे लिहिलेले पान त्याच्यावर चालत नाही. क्रीचरला मैदानात आल्या टर्नला हल्ला करता येत नाही, तसे बंधन याला नाही. आल्या आल्या तो कामाला लागतो. मात्र शत्रूच्या क्रीचरना तुमच्याऐवजी थेट त्याच्यावर हल्ला करता येतो, आणि लावलेल्या नुकसानाइतकी त्याची लॉयल्टी, म्हणजे त्याच्या टिकावाचा आकडा, कमी होते. लॉयल्टी शून्य झाली की पान ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पानांच्या ढिगात जाते. तो लढणारा योद्धा नाही. तुमच्या बाजूने उभा राहून दर टर्नला एक काम करून देणारा पाहुणा आहे, असे समजले म्हणजे निम्मे कोडे सुटते.

पाऊल दुसरे: पान खालून वर वाचू नका

पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली ढालीसारख्या चौकटीत एक आकडा असतो. ती सुरुवातीची लॉयल्टी. पान मैदानात आले की तेवढे काउंटर, म्हणजे मोजणीच्या खुणा, त्याच्यावर ठेवायच्या. यासाठी वीस बाजूंचा फासा वापरणे सर्वांत सोयीचे. फासा नसेल तर आम्ही चिंचोके वापरतो. शेंगदाणे वापरून पाहिले होते, परंतु चौथ्या टर्नपर्यंत लिलियानाची लॉयल्टी दोनाने कमी भरली आणि कोणी खाल्ली ते शेवटपर्यंत कळले नाही.

मधल्या भागात बहुधा तीन क्षमता असतात आणि प्रत्येकीच्या डावीकडे अधिक, उणे किंवा शून्य असा आकडा असतो. तो आकडा म्हणजे त्या कामाची किंमत. अधिक असेल तर तेवढे काउंटर वाढवून काम घ्यायचे, उणे असेल तर तेवढे काढून. लॉयल्टी तीन असताना उणे चारची क्षमता वापरता येत नाही. उणे तीनची मात्र येते, आणि पान शून्यावर जाऊन मेले तरी काम पूर्ण होते. एका प्लेन्सवॉकरची एकच क्षमता आणि तीही टर्नमध्ये एकदाच, आपल्याच टर्नमध्ये, मेन फेजमध्ये (हल्ल्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या भागात), दुसरे कोणतेही जादूचे पान निकालाची वाट पाहत नसताना वापरायची, हा नियम पाठच करावा.

नवखा खेळाडू पान हाती घेतो आणि त्याची नजर थेट सर्वांत खालच्या ओळीवर जाते, कारण तेथे सर्वांत मोठा उणे आकडा आणि सर्वांत भव्य करामत असते. वाचावे ते वरून. पहिली ओळ तुम्ही बहुतेक डावांत वापराल, दुसरी अनेक डावांत, आणि तिसरी क्वचित. एखादा प्लेन्सवॉकर डेकमध्ये, म्हणजे आपल्या पानांच्या गठ्ठ्यात घ्यावा की नाही हे ठरवताना मी खालची ओळ अंगठ्याने झाकतो आणि उरलेल्या पानासाठी एवढा मॅना मोजायला मी तयार आहे का, असे स्वतःला विचारतो.

पाऊल तिसरे: उतरवण्याआधी पट पाहा

चार लँड झाले आणि हातात चार मॅनाचा प्लेन्सवॉकर आहे, एवढ्यावरून तो लगेच उतरवावा असे ठरत नाही. आधी समोरच्याच्या क्रीचरकडे पाहावे आणि एकच हिशेब करावा: पुढच्या टर्नला हे सगळे मिळून माझ्या प्लेन्सवॉकरवर आले, तर माझे क्रीचर त्यांतले किती अडवतील आणि उरलेले किती नुकसान करतील? उडणाऱ्या क्रीचरला जमिनीवरचा क्रीचर साधारणपणे अडवू शकत नाही, म्हणून त्यांची बेरीज वेगळी धरावी.

पट बरोबरीत असेल किंवा तुमचे पारडे जड असेल, तर प्लेन्सवॉकर उतरवण्यास याहून चांगली वेळ नाही. तो प्रत्येक टर्नला थोडी थोडी भर घालतो आणि बरोबरीचा डाव तुमच्याकडे झुकतो. तुम्ही मागे असाल, समोर तीन-चार क्रीचर आणि तुमच्याकडे एकही नाही, अशा वेळी तो चमत्कार करील ही आशा बाळगू नये. तरीही उतरवायचाच असेल तर उणे क्षमता वापरून शत्रूचा एक क्रीचर घालवण्यासाठी उतरवावा. शत्रू पुढच्या टर्नला त्याला मारील, परंतु त्यासाठी त्याने वापरलेले हल्ले तुमच्या अंगावर आले नाहीत. एक क्रीचर गेला आणि चार-पाच प्राण वाचले, एवढे एका पानाने केले तर तो व्यवहार तोट्याचा नाही.

पाऊल चौथे: पहिल्याच टर्नचे काम

आता एक डाव जवळून दाखवतो. मे महिन्यातली दुपार होती, बाहेर ऊन मी म्हणत होते आणि शेजारच्या मागाची खटखट चालू होती. आम्ही जमिनीवर सोलापुरी चादर अंथरून खेळत होतो. जाता जाता सांगतो, पंखा पूर्ण वेगाने चालू असताना गुळगुळीत टेबलावरून पाने सरकतात. जाड सुती चादरीवर ती जागची हलत नाहीत आणि नखाने उचलायलाही सोपी जातात. समोर माझा भाचा होता, त्याच्याकडे लाल डेक. माझ्याकडे २/२ चे (म्हणजे हल्ल्याची ताकद दोन आणि सहनशक्ती दोन) दोन क्रीचर होते. त्याच्याकडे चार लँड, क्रीचर एकही नाही, आणि हातात ‘चंद्रा, टॉर्च ऑफ डिफायन्स’. हे पान चार मॅनाचे असून सुरुवातीची लॉयल्टी चार आहे.

त्याने चंद्रा उतरवली आणि पहिली अधिक एकची क्षमता वापरली: डेकमधले वरचे पान बाजूला काढायचे, ते तेव्हाच मॅना देऊन खेळता येते, नाही खेळले तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला दोन नुकसान. वरचे पान लँड निघाले. लँड असे खेळता येत नाही, ते फुकट गेले, आणि माझे प्राण २० वरून १८ झाले. चंद्रा पाचावर. माझ्या टर्नला दोन्ही क्रीचर चंद्रावर गेले, चार नुकसान झाले, चंद्रा एकावर आली, आणि मी ३/३ चा तिसरा क्रीचर उतरवला. पुढच्या टर्नला त्याने पुन्हा तेच केले, मी १६ वर आलो, आणि त्यानंतरच्या माझ्या हल्ल्यात चंद्रा गेली.

“मामा, हे पान काही खास नाही,” तो म्हणाला.

“हातातली पाने दाखव बरं,” मी म्हणालो.

त्याच्या हातात पहिल्यापासून ‘शॉक’ होते: एक लाल मॅना, दोन नुकसान. आणि चंद्राच्या पानावर अधिक एकची दुसरी ओळही आहे, जी दोन लाल मॅना देते. ती त्याने वाचली होती, पण ‘मॅना काय करायचा, तो तर लँडमधून मिळतोच’ म्हणून सोडून दिली होती. आम्ही पाने मागे घेऊन तोच टर्न पुन्हा मांडला. चार लँड वाकवून (मॅना काढताना पान आडवे करतात) चंद्रा उतरली. अधिक एक करून ती पाचावर गेली आणि दोन लाल मॅना हाती आले. त्यांतल्या एकातून शॉकने माझा एक २/२ मेला. दुसरा मॅना वापराविना गेला, कारण फेज संपली की शिल्लक मॅना उरत नाही, हेही त्याला तेव्हाच कळले. माझा उरलेला २/२ चंद्रावर गेला तरी ती तीनावर उभी राहिली. पुढच्या टर्नला त्याच्यापुढे दोन चांगल्या वाटा होत्या. उणे तीन वापरून माझ्या नव्या ३/३ ला चार नुकसान करून संपवायचे आणि चंद्राला निरोप द्यायचा, किंवा पाच लँड आणि चंद्राचे दोन मिळून पाचव्याच टर्नला सात मॅनाची खेळी करायची. पान तेच, हात तोच. फरक एका ओळीचा.

यावरून पहिल्या टर्नसाठी जो क्रम मी सांगतो तो असा. प्रथम पाहावे की एखादी क्षमता प्लेन्सवॉकरचे स्वतःचे रक्षण करते का. ती टोकन क्रीचर (डेकमध्ये नसलेला, क्षमतेने तयार होणारा) देत असेल, शत्रूचा क्रीचर घालवत असेल किंवा लगेच दुसरे पान खेळण्याची सोय करत असेल, तर तिला अग्रक्रम द्यावा. तसे काही नसेल, किंवा समोर धोकाच नसेल, तर अधिकची क्षमता घ्यावी. आणि एक कधीही चुकवू नये: उतरवल्या टर्नला क्षमता वापरायचीच. ‘आधी बसू दे, मग पाहू’ म्हणून टर्न सोडून देणारे खेळाडू मी पाहिले आहेत.

असे का, याला नियमाचा पक्का आधार आहे. तुमचा प्लेन्सवॉकर मैदानात आला की पुढची खेळी करण्याचा पहिला हक्क तुमचाच असतो. त्यामुळे तो आल्याने दुसरी एखादी आपोआप चालणारी क्षमता मध्ये आली नाही, तर तुम्ही त्याची क्षमता वापरेपर्यंत समोरच्याला त्याच्यावर वीज टाकता येत नाही. वापरल्यानंतर तो उत्तर देऊ शकतो, परंतु किंमत आधीच भरलेली असते. समजा तुम्ही चंद्राची अधिक एकची क्षमता वापरली आणि त्याने उत्तरादाखल तीन नुकसानाचे ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकले. चंद्रा तोवर पाचावर गेलेली असते, दोनावर राहते आणि जिवंत असते. उणे तीन वापरली असती तर ती एकावर असती आणि बोल्टने मेली असती. तरीही क्रीचरवरचे चार नुकसान टळले नसते, कारण एकदा सुरू झालेली क्षमता तिचा मालक गेला म्हणून थांबत नाही. समोर लाल रंगाचा डेक असेल आणि त्याने एक लँड सरळ ठेवला असेल तर कोणती क्षमता घ्यावी, हे ठरवताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवावा.

पाऊल पाचवे: राखण

सोलापूरकराला हे समजावणे मला सोपे जाते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात, आणि एवढी उंच काठी पेलणारा एक जण दिसतो. परंतु त्याच्या भोवती तोल सांभाळणारे आणि वाट मोकळी ठेवणारे नसतील तर ती चार पावलेही जाणार नाही. प्लेन्सवॉकरचे तसेच आहे. त्याच्या आधीच्या टर्नना उतरवलेले दोन-तीन मॅनाचे साधे क्रीचर हेच त्याचे खरे बळ होय.

‘गॅरुक वाइल्डस्पीकर’ या जुन्या पानावर हा हिशेब फार छान शिकता येतो. मॅना चार, लॉयल्टी तीन. अधिक एकने दोन वाकवलेले लँड पुन्हा सरळ होतात, उणे एकने ३/३ चे बीस्ट टोकन मिळते, आणि उणे चारने तुमच्या सगळ्या क्रीचरना त्या टर्नपुरते +३/+३ आणि ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला पुरून उरलेले नुकसान पुढे लागण्याची क्षमता) मिळते. समोर २/२ चे दोन क्रीचर आहेत असे धरा. उणे एक केले तर गॅरुक दोनावर येतो आणि एक बीस्ट उभे राहते. दोघांनी हल्ला केला तर एकाला बीस्ट अडवून मारते, दुसरा दोन नुकसान करून गॅरुकला संपवतो. अधिक एक केले तर गॅरुक चारावर जातो आणि सरळ झालेल्या दोन लँडमधून तुम्ही दोन मॅनाचा एखादा क्रीचर उतरवता; तो एकाला अडवतो, दुसरा दोन नुकसान करतो आणि गॅरुक दोनावर टिकून राहतो. समोर एकच २/२ असता तर मात्र मी डोळे मिटून बीस्ट घेतले असते, कारण ३/३ समोर उभे असताना तो २/२ हल्ल्याला येणारच नाही. उत्तर पटावर अवलंबून असते, पानावर नव्हे.

राखण करताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, प्रत्येक वेळी क्रीचर बळी देऊन प्लेन्सवॉकर वाचवणे. लॉयल्टी म्हणजे खर्च करण्याचे नाणे आहे. दोन लॉयल्टी वाचवण्यासाठी चांगला क्रीचर गमावण्यापेक्षा ती दोन जाऊ द्यावी. प्लेन्सवॉकर एकावर टिकला तरी त्याची अधिकची क्षमता तितकीच चालते. दुसरी चूक उलटी: राखणीसाठी सगळे क्रीचर मागे ठेवून स्वतः हल्ला करणेच सोडून देणे. ज्याने आपल्या क्रीचरना तुमच्या प्लेन्सवॉकरवर पाठवले, त्याचे ते क्रीचर वाकलेले असतात आणि तुमच्या पुढच्या टर्नला अडवायला उभे नसतात. तीच तुमची हल्ल्याची वेळ.

ट्रॅम्पलबद्दल सारखा वाद होतो म्हणून सांगतो: ट्रॅम्पल असलेल्या क्रीचरने प्लेन्सवॉकरवर हल्ला केला आणि तुम्ही अडवले, तर वरचे नुकसान प्लेन्सवॉकरला लागते, तुम्हाला नाही.

पाऊल सहावे: शेवटच्या ओळीचा मोह

मोठी क्षमता किती टर्न दूर आहे हे पान हाती आल्यावर एकदाच मोजून ठेवावे. गॅरुक तीनावरून एका अधिक एकने चारावर जातो, म्हणजे दुसऱ्याच टर्नला उणे चार शक्य आहे. तेथे शेवटची क्षमता हा खरोखरच डावाचा बेत असू शकतो. ‘अजानी गोल्डमेन’ चारावरून सहावर जायला दोन टर्न घेतो आणि तिसऱ्या टर्नला त्याचे उणे सहा चालते. ‘लिलियाना व्हेस’ पाचावरून आठावर तीन टर्नमध्ये जाते. आणि २०१० मधला ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ तीनावर येतो, त्याची शेवटची क्षमता उणे बारा, वाढ दोन-दोनाची. पाच टर्न सलग वाढवल्यावर तो तेरावर पोचतो आणि सहाव्या टर्नला ती क्षमता वापरता येते.

या जेसचेच उदाहरण नवख्यांनी लक्षात ठेवावे. तो इतका भारी ठरला की जून २०११ मध्ये स्टँडर्ड या (फक्त अलीकडच्या संचांनी खेळायच्या) प्रकारात त्याच्यावर बंदी जाहीर झाली. परंतु त्याचा धाक उणे बारामुळे नव्हता. शून्याच्या क्षमतेने तीन पाने उचलून हातातली दोन डेकच्या वर परत ठेवायची, उणे एकने समोरचा क्रीचर मालकाच्या हातात परत पाठवायचा, आणि गरज नसेल तेव्हा दोनाने लॉयल्टी वाढवत राहायचे. ही रोजची कामेच समोरच्याला हैराण करत. शेवटची क्षमता येईपर्यंत बहुतेक वेळा डावाचा निकाल लागलेला असे.

म्हणून मी असे सांगतो की, शेवटच्या क्षमतेकडे जायचे ते दोनच वेळी: ती वापरली की डाव त्याच किंवा पुढच्या टर्नला संपतो अशी खात्री असेल तेव्हा, किंवा दुसरे काही उपयोगी काम नसताना वाढ आपोआप होत असेल तेव्हा. क्रीचर मारण्याची संधी समोर असताना ‘एकच टर्न राहिला’ म्हणून अधिक एक करणारा खेळाडू बहुधा त्या एका टर्नलाच प्लेन्सवॉकर गमावतो. आकडा जवळ आला की समोरचाही जागा होतो, हे विसरू नये. कधी कधी मात्र त्याचाच फायदा घेता येतो: लॉयल्टी मोठी दिसली की सगळे हल्ले त्या पानाकडे वळतात आणि तुम्ही निवांत आपली जुळणी करता.

पाऊल सातवे: समोरच्याचा प्लेन्सवॉकर

शत्रूने प्लेन्सवॉकर उतरवला की नवखे दोनांपैकी एक टोक गाठतात. काही जण त्याकडे दुर्लक्ष करून खेळाडूवर हल्ला करत राहतात, तर काही जण सगळे सोडून त्याच्याच मागे लागतात. माझा ठोकताळा साधा आहे. समोरच्याचे प्राण दोन टर्नमध्ये संपतील असा तुमचा हल्ला असेल तर खेळाडूवर जा. नसेल तर प्लेन्सवॉकरवर. हल्ला करताना प्रत्येक क्रीचर कोणावर चालला आहे हे तोंडाने स्पष्ट सांगावे, कारण एक खेळाडूवर आणि दुसरा प्लेन्सवॉकरवर असे वाटूनही पाठवता येते. लॉयल्टी तीन उरली असताना सहा नुकसान पाठवणे हा अपव्यय आहे, मात्र अडवणारे असतील तर थोडे जास्त पाठवावेच लागते.

जादूच्या पानांवरचे शब्द बारकाईने पाहावेत. ‘कोणतेही लक्ष्य’ या अर्थाचे शब्द असतील तर ते नुकसान प्लेन्सवॉकरलाही लावता येते. हे शब्द पानांवर २०१८ मधल्या ‘डोमिनेरिया’ संचापासून आले. त्याआधी खेळाडूला लावलेले नुकसान त्याच्या प्लेन्सवॉकरकडे वळवता येत असे. तो नियम त्याच वेळी गेला. जुने शिकलेले मित्र अजूनही तो सांगतात, त्यांना नम्रपणे थांबवावे. काळ्या रंगात तीन मॅनाचे ‘हिरोज डाउनफॉल’ हे पान क्रीचर किंवा प्लेन्सवॉकर यांपैकी एकाला सरळ नष्ट करते, आणि नवख्याच्या काळ्या डेकमध्ये ते असावे असे माझे मत आहे.

डेकमध्ये किती, आणि कोणते

साठ पानांच्या डेकमध्ये एका नावाची चार पाने ठेवता येतात, परंतु नवख्याने दोन ठेवावीत, फार तर तीन. कारण लिजंडचा नियम. २०१७ मधल्या ‘इक्सालान’ संचापासून सगळे प्लेन्सवॉकर लिजंडरी आहेत, म्हणजे तुमच्याकडे एकाच पूर्ण नावाचे दोन मैदानात आले तर एक ठेवून दुसरा ग्रेव्हयार्डमध्ये टाकावा लागतो. वेगवेगळ्या नावांच्या दोन चंद्रा मात्र एकत्र नांदू शकतात. या नियमाचा एक गोड उपयोगही आहे: मैदानातल्या चंद्राची उणे तीन वापरून ती एकावर आणावी, मग हातातली दुसरी उतरवून जुनीला टाकावे आणि नवीची क्षमता त्याच टर्नला वापरावी. एका टर्नला दोन कामे झाली.

प्लेन्सवॉकर बहुधा सर्वांत दुर्मीळ, म्हणजे मिथिक वर्गात छापले जातात, त्यामुळे एकेक पान महाग पडते. २०१९ मधला ‘वॉर ऑफ द स्पार्क’ हा संच याला अपवाद होता. त्याच्या प्रत्येक पाकिटात एक प्लेन्सवॉकर असे आणि त्यांतले बरेच अनकॉमन, म्हणजे कमी दुर्मीळ वर्गातले होते. त्यांपैकी ‘कास्मिना, एनिग्मॅटिक मेंटर’ शिकण्यासाठी उत्तम आहे: चार मॅना, लॉयल्टी पाच, अधिकची क्षमताच नाही. उणे दोन केले की २/२ चा एक विझर्ड मिळतो, एक पान उचलायचे आणि एक टाकायचे. दोनदा काम केले की ती एकावर येते आणि पुढे तिला राखण्याचे कारणच उरत नाही, असे वाटेल. परंतु ती मैदानात असेपर्यंत तुमच्या क्रीचर किंवा प्लेन्सवॉकरना लक्ष्य करणारे शत्रूचे प्रत्येक जादूचे पान दोन मॅनाने महाग पडते, म्हणून एकावरची कास्मिनाही हल्ले ओढून घेते. विकत घेण्यापूर्वी संगणकावर किंवा मोबाइलवर ‘मॅजिक अरीना’ फुकट खेळून पाहावे. तेथे चुकीच्या वेळी क्षमता वापरूच दिली जात नाही, त्यामुळे नियम बोटांत बसतात.

चौघे जण कमांडर (एका म्होरक्या पानाभोवती डेक बांधण्याचा प्रकार) खेळत असाल तर वरचे बरेचसे हिशेब बदलतात. तेथे शंभर पाने, चाळीस प्राण आणि तुमच्या प्लेन्सवॉकरवर येणारे तीन शत्रू असतात. पुन्हा तुमचा टर्न येईपर्यंत तो टिकेल हे गृहीतच धरू नये. उतरवल्या क्षणी जे काम होईल तेवढ्यासाठीच तो खेळावा. पानावर तशी स्पष्ट परवानगी छापलेली असल्याशिवाय प्लेन्सवॉकरला कमांडरही करता येत नाही.

सरावासाठी एक उपाय. पानाला पारदर्शक स्लीव्ह घाला आणि शेवटच्या ओळीवर स्लीव्हच्या बाहेरून कागदाची बारीक पट्टी चिकटवा. दहा डाव ती ओळ नाहीच असे समजून खेळा. भाच्याच्या चंद्रावर अशी पट्टी जूनमध्ये लावली होती. दिवाळी झाली तरी त्याने ती काढलेली नाही, आणि गेल्या रविवारी त्याच पानाने त्याने मला दोनदा हरवले.